अमेरिकेच्या सरन्यायाधीशांचं जुनं दप्तर आणि ते फुकट वाचायला देणारी सेवा

गेले चार महिने रोज रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की मी लॅपटॉप घेऊन बसते आणि जॉन रॉबर्ट्सच्या जुन्या फाईली वाचते. जॉन रॉबर्ट्स म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे आत्ताचे सरन्यायाधीश. रेगन अध्यक्ष असताना, १९८२ ते १९८६, ते व्हाईट हाऊसमध्ये वकील म्हणून नोकरीला होते आणि त्या काळात त्यांनी लिहिलेल्या टिपण्या, पत्रांचे मसुदे, बाहेरून आलेली पत्रं, त्यावरचे शेरे असं सगळं कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीच्या रेगन लायब्ररीनं, म्हणजे रेगनच्या काळातले सरकारी कागद सांभाळणाऱ्या संस्थेनं, जपून ठेवलंय आणि त्यातला बराच मोठा भाग स्कॅन करून वेबसाईटवर टाकलाय. पैसे नाहीत, लॉगिन नाही, ओळखपत्र नाही. साताऱ्यात बसून वाचा नाहीतर माझ्यासारखं मेरीलँडमध्ये बसून वाचा. मैत्रिणी विचारतात एवढं काय मिळतं तुला त्यात, म्हणून एकदा नीट लिहितेय, कारण कोर्टकचेरी, सरकारी नोकरी, पत्रकारिता, इतिहास यातल्या कशाशीही नातं असलेल्या माणसाने ही सेवा वापरून बघावी असं मला मनापासून वाटतं.

माझं नातं बाबांमुळे. बाबा जिल्हा कोर्टात कारकून म्हणून लागले आणि शिरस्तेदार म्हणून रिटायर झाले. आमच्या घरात नस्ती, टिपणी, आवक, जावक, पृष्ठांकन हे शब्द मीठ-मिरचीसारखे होते. बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांच्या वेतननिश्चितीचं एक जुनं पत्र लागत होतं आणि ज्या कार्यालयात ते असायला हवं होतं (नाव घेत नाही) तिथे ते सापडेना. पाच वर्षं बाबा खेटे घालत होते. आधी म्हणाले रेकॉर्ड रूममध्ये आहे, मग म्हणाले स्थलांतरात गेलं, मग नवीन साहेब आले ते म्हणाले असं पत्र कधी आलंच नव्हतं. बाबांना पैशापेक्षा ते शेवटचं वाक्य लागलं, कारण ते पत्र त्यांनी स्वतः आवक रजिस्टरला चढवलेलं त्यांना आठवत होतं. हे सगळं डोक्यात असलेल्या मुलीने ही लायब्ररी वापरली तर तिला काय वाटेल ते पुढे येईलच.

आधी थोडं रॉबर्ट्सबद्दल, नाहीतर कागद कशाचे ते कळणार नाही. जन्म १९५५. हार्वर्डला कायदा शिकले, मग सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांच्याकडे एक वर्ष लॉ क्लार्क (आपला कारकून नव्हे, न्यायमूर्तींना निकालाच्या कामात मदत करणारा तरुण वकील), मग १९८१ साली २६ व्या वर्षी न्याय खात्यात अॅटर्नी जनरलचे, म्हणजे खात्याच्या प्रमुखांचे, खास सहायक, तिथून व्हाईट हाऊस. तिथे त्यांचे साहेब होते फ्रेड फिल्डिंग, अध्यक्षांचे मुख्य वकील. पुढे खासगी वकिली, मग परत सरकारात डेप्युटी सॉलिसिटर जनरल, म्हणजे सुप्रीम कोर्टात सरकारची बाजू मांडणाऱ्या ऑफिसात. आता फेडरल न्यायाधीश व्हायचं म्हणजे तिकडे परीक्षा नसते, अध्यक्ष नाव पाठवतो आणि सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, मान्यता देतं, आणि एकदा बसला की हयातभर. रॉबर्ट्सचं नाव वॉशिंग्टनच्या अपील कोर्टासाठी पहिल्यांदा गेलं जानेवारी १९९२ मध्ये, थोरल्या बुशनी पाठवलं, सिनेटनं मत घेतलंच नाही, निवडणूक झाली, क्लिंटन आले, विषय संपला. २००१ मध्ये धाकट्या बुशनी पुन्हा पाठवलं, पुन्हा पडून राहिलं. २००३ च्या जानेवारीत तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा मे महिन्यात खुर्ची मिळाली, म्हणजे नाव निघाल्यापासून अकरा वर्षांनी. आणि दोनच वर्षांत, २००५ मध्ये, सुप्रीम कोर्टासाठी नाव आलं. आधी सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या जागेवर होतं, पण सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश रेनक्विस्टच वारले, ज्यांच्याकडे हे क्लार्क होते तेच, आणि मग थेट त्यांच्याच खुर्चीसाठी नाव बदललं. २९ सप्टेंबर २००५, ७८ विरुद्ध २२ मतं. वय ५०.

कागद बाहेर आले ते या २००५ च्या उन्हाळ्यात. सिनेटच्या न्याय समितीला आणि पत्रकारांना जाणून घ्यायचं होतं की हा माणूस विचार कसा करतो, कारण न्यायाधीश म्हणून त्यांचे निकाल दोनच वर्षांचे होते. मग रेगन लायब्ररी आणि नॅशनल आर्काइव्हज (अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार) यांनी भराभर खोकी उघडली, ६० हजारांवर पानं लोकांसमोर आली. हे शक्य झालं त्यामागे एक कायदा आहे, १९७८ चा प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स अॅक्ट. त्याआधी अध्यक्षाचे कागद म्हणजे अध्यक्षाची खासगी मालमत्ता समजली जायची, घरी घेऊन जा नाहीतर जाळा. अध्यक्ष निक्सनना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेटच्या भानगडीनंतर लोक शहाणे झाले आणि ठरलं की २० जानेवारी १९८१ पासून हे कागद देशाचे. म्हणजे रेगन हा या कायद्याखाली आलेला पहिला अध्यक्ष, आणि रॉबर्ट्स त्याच्या ऑफिसातला तरुण वकील, त्यामुळे त्याची टिपणी न टिपणी राहिली.

आता प्रत्यक्ष वापरायला कसं आहे. वेबसाईटवर रॉबर्ट्सच्या नावाची एक सूची आहे, त्यात खोक्यांचे नंबर आणि प्रत्येक खोक्यातल्या फोल्डरची नावं. फोल्डरचं नाव जेजीआर, तिरकी रेघ आणि पुढे विषय, जेजीआर म्हणजे जॉन जी. रॉबर्ट्स. स्कॅन झालेल्या फोल्डरची पीडीएफ उघडते. मी सुरुवातीला शोधखिडकीत शब्द टाकून बघायचे आणि हाती काही लागायचं नाही, मग कळलं की ही गोष्ट गूगलसारखी वापरायचीच नाही, रेकॉर्ड रूमसारखी वापरायची. सूची आधी पूर्ण वाचा, खोक्यात काय आहे याचा अंदाज घ्या, मग एक फोल्डर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. टाईपरायटरचं टाईपिंग, कार्बन कॉपी, मार्जिनमध्ये पेनानं लिहिलेलं, हे मशीनला नीट कळत नाही, डोळ्यांनीच वाचायला लागतं, आणि खरं तर गंमत तिथेच आहे.

बऱ्याच पत्रांच्या वर एक छापील कागद लावलेला असतो, व्हाईट हाऊसचं पत्रव्यवहार नोंदपत्रक. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला, कारण हे आपलं आवक-जावक रजिस्टरच आहे हो! वर पत्राचा नंबर. मग तीन चौकटी, आलेलं की गेलेलं की अंतर्गत. मग पाठवणाऱ्याचं नाव, विषय, आणि खाली तक्ता, कोणाकडे पाठवलं, कोणत्या तारखेला, काय करायला सांगितलं, कधी पूर्ण झालं. काय करायला सांगितलं ते एका अक्षरात, अभिप्राय द्या तर एक अक्षर, उत्तराचा मसुदा करा तर दुसरं, सहीसाठी तर तिसरं, नुसतं माहितीसाठी तर चौथं, आणि त्या अक्षरांचा अर्थ त्याच पानावर खाली छापलेला. म्हणजे चाळीस वर्षांनी साताऱ्याच्या शिरस्तेदाराच्या मुलीला सुद्धा कोणाला न विचारता कळतं की हे पत्र कुठल्या टेबलावर किती दिवस होतं. आणि उत्तराची जी प्रत फाईलला ठेवली त्यावर खाली कोपऱ्यात आद्याक्षरं, आधी सही करणाऱ्या फिल्डिंगची, मग मसुदा करणाऱ्या रॉबर्ट्सची, मग टाईप करणाऱ्या व्यक्तीची छोट्या लिपीत. लिहिलं कोणी, सही कोणाची, टाईप कोणी केलं, तिघांचीही नोंद. टायपिस्टची नोंद बघून मला फार बरं वाटलं, आपल्याकडे त्या माणसाला कोणी मोजत नाही.

मजकुराबद्दल म्हणाल तर माणूस तिशीच्या आसपासचा, हुशार, धारदार, कधीकधी फारच धारदार. लोकांना सगळ्यात माहीत असलेला किस्सा मायकल जॅक्सनचा. १९८४ मध्ये मायकल जॅक्सन व्हाईट हाऊसला येऊन गेला होता, दारू पिऊन गाडी चालवू नका या मोहिमेला त्याने गाणं दिलं म्हणून. त्यानंतर अध्यक्षांच्या सहीनं त्याला अजून पत्रं पाठवायची टूम निघाली, आणि मसुदा कायद्याच्या नजरेतून बघायला रॉबर्ट्सकडे. त्यांनी साफ विरोध केला. म्हणाले अध्यक्षांचा पत्रव्यवहार विभाग म्हणजे या गायकाच्या प्रसिद्धीचं ऑफिस नाही, आणि एकाला दिलं तर ब्रूस स्प्रिंगस्टीनला का नाही, आणि प्रिन्स नावाचा एक नवा मुलगा येतोय म्हणे, त्यालाही देणार का. वाचताना हसू येतं पण मुद्दा बघा किती सरळ आहे, सरकारच्या सहीला किंमत आहे, ती वाटत सुटू नका. बाबा असंच बोलायचे, साहेबाच्या शिक्क्याबद्दल.

मग एक १९८३ ची टिपणी, जिच्यासाठी मी हे सगळं वाचायला लागले. त्यावेळी कोणीतरी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणला होता की फेडरल न्यायाधीशांना हयातभर न ठेवता ठरावीक मुदत द्यावी. रॉबर्ट्सनी फिल्डिंगला लिहिलं की घटना लिहिली तेव्हा माणसं इतकी जगत नव्हती, आता एकेक न्यायाधीश २५-३० वर्षं बसतो, समजा १५ वर्षांची मुदत ठेवली तर त्याचा जगाशी संबंध तुटणार नाही आणि नवीन माणसंही येत राहतील. हे लिहिणारा माणूस २८ वर्षांचा होता. आणि २००५ पासून तो स्वतः त्या खुर्चीत आहे, १५ वर्षं केव्हाच उलटली. मी यावरून त्यांना नावं ठेवत नाहीये, अठ्ठाविसाव्या वर्षीचं मत माणसाने जन्मभर धरून ठेवलंच पाहिजे असं नाही आणि कायदा बदलला नाही तर त्यांनी एकट्याने उठून जायचं का हाही प्रश्न आहे. पण तिकडे आजही न्यायाधीशांच्या मुदतीवर वाद चालतो आणि त्या वादात सरन्यायाधीशांचा स्वतःच्या तरुणपणचा कागद कुणीही काढून टेबलावर ठेवू शकतं, आणि तो कागद खोटा आहे असं कोणी म्हणू शकत नाही.

सुप्रीम कोर्टावर कामाचा फार ताण आहे, अपील कोर्टं आणि सुप्रीम कोर्ट यांच्या मध्ये अजून एक कोर्ट काढा, असं त्यावेळचे सरन्यायाधीश बर्गर म्हणत होते, त्यावरचीही टिपणी आहे. रॉबर्ट्सचं म्हणणं की उन्हाळाभर सुट्टी घेणारे या देशात दोनच, शाळकरी पोरं आणि सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती. आपल्याकडे मे महिन्याच्या कोर्टाच्या सुट्टीवरून जे बोललं जातं तेच.

सगळंच काही कौतुकानं वाचण्यासारखं नाही. १९८४ मध्ये तीन रिपब्लिकन खासदार बायकांनी, त्यात मेन राज्याच्या ऑलिंपिया स्नो होत्या, व्हाईट हाऊसला पत्र लिहिलं होतं समान मोलाच्या कामाला समान पगार या विषयावर. म्हणजे नर्स आणि ट्रकवाला यांचं काम वेगळं असलं तरी मोल सारखं असेल तर पगार सारखा का नको, हा प्रश्न. रॉबर्ट्सनी त्यावर जे लिहिलं त्याचा भाव असा की आपल्याच पक्षाच्या बायका इतकी टोकाची, याच्याकडून घ्या त्याला द्या छापाची कल्पना इतक्या पटकन उचलतात हे काळजीचं आहे, यांनी कम्युनिस्टांची घोषणाच थोडी बदलून घ्यावी, प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे आणि बाई बघून वाटप. मी ते तीनदा वाचलं. मला राग आला, अजूनही येतो. माझी आई अंगणवाडीत होती, मानधनावर, तिच्या कामाचं मोल कोणी मोजलं नाही. आणि १९८५ ची एक टिपणी आहे, गृहिणींना वकील व्हायला उत्तेजन दिल्याने समाजाचं भलं होतं का असं काही लोक विचारतील, अशा अर्थाची. काही जण म्हणतात ती वकिलांवरची मस्करी होती, बायकांवरची नव्हे. असेल. कागद समोर आहे, पूर्ण वाक्य, त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान सगळं आहे, तुम्ही वाचा आणि ठरवा. पुढे त्याच ऑलिंपिया स्नो सिनेटर झाल्या आणि २००५ मध्ये त्यांनी रॉबर्ट्सच्या बाजूने मत दिलं, तेव्हा हे कागद बाहेर आलेलेच होते. त्यांनी बघून, तोलून दिलं. मला त्यांचा निर्णय पटो न पटो, अंधारात नव्हता दिला.

आता या सेवेतली मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट. बऱ्याच फोल्डरच्या सुरुवातीला एक पान असतं, काढून ठेवलेल्या कागदांची यादी. म्हणजे या फोल्डरमधून आम्ही अमुक एक टिपणी, इतक्या पानांची, या तारखेची, या विषयाची, काढून ठेवली आहे आणि का काढली त्याचा कोड. पी १ म्हणजे देशाच्या सुरक्षेचं, पी २ म्हणजे फेडरल पदावरच्या नेमणुकीबद्दलचं, पी ५ म्हणजे अध्यक्ष आणि सल्लागारांमधला गोपनीय सल्ला, पी ६ म्हणजे कोणाच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ होईल असं. कोडांचा अर्थ त्याच पानावर खाली छापलेला. पी २ आणि पी ५ सारखी बंधनं कायद्याने जास्तीत जास्त १२ वर्षांची, अध्यक्ष पायउतार झाल्यापासून, त्यानंतर ती कारणं चालत नाहीत. म्हणजे ज्या कागदात एखाद्याला न्यायाधीश करायचं की नाही याची चर्चा आहे तो कागद आज दिसत नसेल तरी तो आहे हे तुम्हाला आज कळतं, आणि कधी मागायचा तेही कळतं. मला विचाराल तर हे एक पान बाकीच्या हजार पानांच्या तोडीचं आहे. दाखवायचं नाही हा सरकारचा अधिकार मी समजू शकते, माणसांच्या नेमणुकांमध्ये त्यांची आजारपणं, घरची भांडणं, तक्रारी सगळं येतं. पण नाही दाखवत असं लिहून द्या ना! बाबांना कोणी नुसतं लेखी दिलं असतं की पत्र होतं, या तारखेचं होतं, आता आमच्याकडे नाही, तरी त्यांची पाच वर्षं वाचली असती.

आणि इथेही सगळं सुखरूप राहिलं असं नाही हे सांगायला हवं. २००५ च्या जुलैमध्ये सरकारकडचे वकील रेगन लायब्ररीत जाऊन रॉबर्ट्सच्या फाईली आधी बघून गेले, आणि नंतर अफर्मेटिव्ह अॅक्शनवरची, म्हणजे आपल्या आरक्षणाशी नातं असलेल्या विषयावरची, एक फाईल जागेवर नव्हती. चौकशी झाली, पेपरात आलं. यातही मला दिसलं ते हे की फाईल गेल्याचं कळलं, कारण तिचं नाव सूचीत होतं. सूची नसती तर ती कधी होती हेच कोणाला माहीत नसतं. आणि सॉलिसिटर जनरलच्या ऑफिसातल्या १६ खटल्यांचे कागद सिनेटच्या डेमोक्रॅटांनी मागितले होते, ते व्हाईट हाऊसनं दिलेच नाहीत. तेव्हा सगळं खुलं आहे असं समजून जाऊ नका.

ऑनलाईनवर मन भरेना म्हणून एक दिवस रजा काढून मी कॉलेज पार्कला गेले, घरापासून तासाभराचा रस्ता. इथे मेरीलँडमध्ये नॅशनल आर्काइव्हजची मोठी इमारत आहे, झाडीत, काचेची, आणि न्याय खात्याचे १९८१-८२ चे रॉबर्ट्सचे कागद सिमी व्हॅलीला नाहीत, ते इथे. वाचकाचं कार्ड काढतात, फोटोवालं, फुकट. पर्स, पेन, जाकीट सगळं लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल, आणि कागद त्यांचाच. चिठ्ठी भरून दिली की खोकी ढकलगाडीवर येतात. टेबलावर एका वेळी एकच खोकं उघडायचं, त्यातला एकच फोल्डर बाहेर काढायचा, त्याच्या जागी खुणेचा पुठ्ठा ठेवायचा म्हणजे क्रम बिघडणार नाही. फोटो काढता येतात पण फ्लॅश नाही. बाहेर पडताना लॅपटॉप उघडून बघतात, कागद चाळून बघतात. मला यातल्या कशाचाच जाच वाटला नाही, उलट पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडताना जसं जपून सोडतात ते आठवलं. कागद जपायचा म्हणजे वाचणाऱ्याला शिस्त हवीच.

तिथे मी मतदान हक्काच्या कायद्यावरचे कागद वाचले. थोडक्यात विषय असा, १९६५ चा मतदान हक्क कायदा १९८२ मध्ये वाढवायचा होता, आणि वाद होता की एखादा नियम काळ्या मतदारांवर अन्याय करतो हे सिद्ध करायला त्यामागचा वाईट हेतू दाखवायला हवा की परिणाम दाखवला तरी पुरे. २६ वर्षांचे रॉबर्ट्स हेतू दाखवलाच पाहिजे या बाजूने एकामागून एक टिपण्या लिहीत होते. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ते मानलं नाही, परिणाम पुरे असं ठरलं आणि रेगनने त्यावर सही केली. आणि ३१ वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच कायद्याचा दुसरा एक मोठा भाग, कोणत्या राज्यांनी नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची ते ठरवणारा, शेल्बी काउंटीच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ नं रद्द झाला, निकाल लिहिला सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी. खोक्यातला पिवळट कागद हातात धरून हे आठवतं तेव्हा कळतं की माणसाची कारकीर्द म्हणजे काय. निकाल सगळ्यांना दिसतो, टिपणी कोणाला दिसत नाही, आणि निकालाचं बी टिपणीत असतं.

आपल्याकडे असं कधी झालंच नाही का, तर झालंय, आणि ते वाचून मला अभिमान वाटला. १९८१ सालीच, म्हणजे रॉबर्ट्स न्याय खात्यात लागले त्याच वर्षी, आपल्या सुप्रीम कोर्टात एस. पी. गुप्ता खटला चालू होता. दिल्ली हायकोर्टाच्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींना मुदतवाढ दिली नाही, त्याबद्दल दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती, केंद्रीय कायदामंत्री आणि भारताचे सरन्यायाधीश यांच्यात पत्रव्यवहार झाला होता आणि सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. सरकार म्हणालं हे गोपनीय, दाखवणार नाही. सात न्यायमूर्तींचं पीठ होतं, बहुमतानं सांगितलं दाखवा, आणि ती पत्रं उघडली. निकाल आला ३० डिसेंबर १९८१ ला. म्हणजे न्यायाधीशाच्या नेमणुकीचा पत्रव्यवहार लोकांना बघायचा अधिकार आहे हे आपण चाळीस वर्षांपूर्वी म्हणून बसलोय. माहिती अधिकाराचा केंद्राचा कायदा लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ ला, रॉबर्ट्स सरन्यायाधीश झाल्यावर दोन आठवड्यांनी, आणि सरन्यायाधीशांचं कार्यालय त्या कायद्याखाली येतं हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलं. कायदा आहे, हक्क आहे, खोकी आणि सूची या दोन गोष्टी मात्र आपल्याला अजून गावोगाव उभ्या करायच्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, तेही फुकट बघता येतं, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी नक्की बघा.

वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. घाई असेल तर या वाटेला जाऊ नका, एक फोल्डर म्हणजे अख्खी संध्याकाळ. पीडीएफ मोठ्या असतात, मोबाईलवर नको. काय वाचलं त्याचा खोका नंबर आणि फोल्डरचं नाव वहीत लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याने तेच पान परत सापडत नाही, मी याच्यापायी एक वही भरवली. आणि नॅशनल आर्काइव्हजच्या कॅटलॉगमध्ये सामान्य माणसालाही स्कॅन झालेल्या कागदांचं हस्ताक्षर वाचून टाईप करून देता येतं, मी काही पानं केली, कॉलेजच्या मुलांना सुट्टीत करण्यासारखं काम आहे, इंग्रजी वळणदार हस्ताक्षर वाचायची सवय होते. ईमेलवर प्रश्न विचारला तर उत्तर येतं, मला सभ्य आणि मुद्द्याचं आलं, कुठल्या खोक्यात बघा तेही सांगितलं.

पाचपैकी पाच देतेय. रॉबर्ट्सच्या मतांना नाही, ठेवणाऱ्यांना.

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेले तेव्हा त्या नोंदपत्रकाचं एक पान प्रिंट काढून नेलं होतं. बाबा आता ८१ चे आहेत, इंग्रजी हळूहळू वाचतात. चष्मा लावून, खिडकीपाशी खुर्ची ओढून त्यांनी ते पान वाचलं, मजकूर नाहीच, आधी वरचा नंबर, मग आवकची तारीख, मग जावकची, मधले दिवस बोटांवर मोजले. मग मला म्हणाले, "अगं, हा खालचा शेरा कोणाचा? इथे सही आहे, तारीख कुठंय?" मी म्हटलं बाबा बघा ना, कोपऱ्यात आहे, बारीक. त्यांनी कागद उजेडात धरला, सापडली तारीख, आणि पान घडी न करता त्यांच्या पेन्शनच्या फाईलमध्ये ठेवून दिलं.